भिंतीवरचे मुठे

मंगळवार, १६ जुलै १९८५. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खारदांडव्याच्या प्राथमिक शाळेचं कुलूप काढायला आलेल्या शिपायाला शाळेची पूर्वेकडची भिंत दिसली नाही. भिंत जागेवर होती. जोत्यापासून वळचणीपर्यंत तिच्यावर खेकडे होते, आणि ते हलत नव्हते.

मी साडेदहाच्या एस.टी.नं पोहोचले. तोपर्यंत भिंतीसमोर शंभरेक माणसं जमली होती आणि भिंतीपासून तीन-चार हात लांब उभी होती. पाऊस दहा दिवस गायब होता. ऊन कडक. खेकडे तपकिरी, मुठीएवढे. त्यांच्या मधल्या जागेत विंचू, गोमा, काळे वाणी किडे, आणि मुंग्यांची एक रांग. कोणी कोणाला शिवत नव्हतं. चुन्यावर नखं घासल्याचा बारीक आवाज थांबून थांबून यायचा, सगळ्या भिंतीतून एकदम, आणि एकदमच बंद व्हायचा. गावातल्या कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या. समोर त्यांचं आठवडाभराचं खाणं होतं. एकही कोंबडी भिंतीकडे गेली नाही.

मी वहीत हे सगळं लिहिलं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, एका दैनिकाची तालुका वार्ताहर, आणि बार्शीहून येऊन मला सात महिने झाले होते. आमच्याकडे आडवं चालणाऱ्या प्रत्येक प्राण्याला खेकडा म्हणतात.

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "शालंत नाव घालाला आयलेत."

"घाला की," दुसरा म्हणाला. "गुरुजींचा पट भरल."

लोक हसले. हसणं लवकर संपलं.

एक बाई पुढे आली. पंचेचाळिशीची, कासोटा घातलेली, दोन्ही हातांच्या बोटांवर जुन्या जखमांचे पांढरे वण. तिनं माझ्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू पेपरवाली ना गो, बाय?"

"हो."

"मी पोशी घरत. उघारीवर माजा घरवाला हाय, जोमा. लिव. मुठे चरले."

"चरले? काय चरले?"

"काय चरतील? वर चरले. भिंतीवर."

इकडे ड-ढ चा र होतो हे माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. मी 'चढले' लिहिलं. पोशीबाई पुढे वाकून वहीत बघत होत्या, जणू वाचता येत असल्यासारख्या.

"मुठे लिवलास?"

"लिहिलं."

"मंग चल. आनखी दावतो."

खारदांडवं खाडीच्या काठी आहे. गावाची भातशेती खाडीच्या पातळीखाली, आणि मध्ये मातीचा बांध. बांधाला एक लाकडी झडपेचा दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ती बंद, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला उघडी, म्हणजे शेतात साचलेलं पाणी बाहेर जातं. ती सांभाळणारा माणूस जोमा घरत. बांधाच्या आतल्या बाजूला, सगळ्यात खोलगट जागी चौदा घरांचा पाडा होता. त्यातलं एक घर त्याचं.

पोशीबाईंनी मला पाड्याच्या विहिरीवर नेलं. शाळेपासून चालत बारा मिनिटं. त्यांनी बादली सोडली, वर काढली आणि कठड्यावर ठेवली. बादलीत एक खेकडा होता. हा वेगळा होता: हिरवट काळा, वीतभर रुंद, जाड नांग्यांचा.

"ही चिंबोरी," त्या म्हणाल्या. "ही खारीतली. हिला गोऱ्या पान्यात काय काम? आन् ते मुठे. ते गोऱ्या पान्यातले, शेतातल्या बिलात रातात. ते भिंतीवर. म्हंजे काय झाला?"

"काय झालं?"

"पानी पी."

मी ओंजळभर प्यायले. पाणी मचूळ होतं.

"आठ दिसांपूर्वी गोर होतं," पोशीबाई म्हणाल्या. "बांद वरून धरधाकट दिसतो. खालून खार आत शिरलाय. जोमानं सोमवारी हापिसात जाऊन सायबाला सांगला. सायब बोल्ला, लिवून दे. जोमाला लिवाला येत नाय."

"मग कोणाकडून तरी..."

"तू हायस ना. परवा मोठा उधान. त्याच्या आदी मानसं नि माती आली तं ठीक. नाय तं बांद जानार. आमी वर येऊ शालंत. जोमा येनार नाय. तो उघारी सोरून येनारा मानूस नाय. समजला?"

"मी बांधाबद्दल लिहिते."

"बांदाचा नको लिवू. बांदाचा सायबाला राग येतो. निस्ता लिव, मुठे चरले. सायब चौलचा हाय, आमच्यातलाच. तो पेपर वाचतो. एक शब्द पुरं."

शाळेपाशी परत आल्यावर त्यांनी भिंतीवरचे दोन मुठे उचलून काचेच्या बरणीत टाकले, वर ओलं फडकं बांधलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "सायबाला दाव."

बांधाचं काम पाहणारं कार्यालय तालुक्याच्या गावी होतं. साहेब म्हणजे उपअभियंता रघुवीर चौलकर. दुपारी तीनला मी तिथे गेले. साहेब साइटवर, आज येणार नाहीत, असं कारकुनानं सांगितलं. बरणी माझ्या पिशवीत होती. ती कारकुनाच्या टेबलावर ठेवून यावी असं मला वाटलं नाही.

पाच वाजता ट्रंक कॉल लावून बातमी सांगायची असे. साडेचार वाजता मी लिहायला बसले. बांध खालून पोखरला आहे, या वाक्याला पोशीबाईंखेरीज दुजोरा नव्हता. मी ते काढलं. विहिरीचं पाणी मचूळ आहे, हे माझ्या जिभेवरचं होतं. कोणत्याही तपासणीत नव्हतं. तेही काढलं. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं ठेवलं. मग 'मुठे' या शब्दावर आले. आमच्या संपादकांनी वार्ताहरांना एक छापील पान दिलं होतं. त्यात सातवी सूचना होती: बोलीतील शब्द बातमीत नकोत, चंद्रपूरच्या वाचकाला कळेल असे लिहावे. आमचा अंक चंद्रपूरला जात नव्हता. तरी ती सूचना मला पटलेली होती. शुद्ध, साधं, सगळ्यांना कळेल असं लिहिता येतं याचा मला अभिमान होता.

मी 'मुठे' खोडलं आणि वर 'खेकडे' लिहिलं. याला दोन सेकंद लागले असतील.

बुधवारच्या अंकात चौथ्या पानावर चौकटीत बातमी आली. मथळा होता, 'शाळेत खेकड्यांची हजेरी'. मथळा माझाच. खाली पहिलं वाक्य: 'खारदांडवे येथील प्राथमिक शाळेच्या भिंतीवर मंगळवारी सकाळी मोठ्या संख्येने खेकडे चढल्याचे आढळून आल्याने ग्रामस्थांत कुतूहलाचे वातावरण आहे.' एकूण अठ्ठेचाळीस शब्द. तालुक्याच्या गावात तीन जणांनी मला थांबवून मथळ्याचं कौतुक केलं.

बुधवारी अमावास्या होती. सगळ्यात मोठं उधाण तिच्या दुसऱ्या दिवशी येतं.

बरणी माझ्या खोलीच्या खिडकीत होती. गुरुवारी सकाळी त्यातल्या मोठ्या मुठ्यानं पोटाखालची झडप सैल सोडली आणि फडक्याखाली, काचेवर, तांदळाएवढे खेकडे चालू लागले. चाळीसपर्यंत मी मोजले. खेकडा अंडी घालतो असं मला वाटत होतं. ही अंडी नव्हती. डोळे, पाय, नांग्या, सगळं होतं. ते एका दिशेनं चढत होते, पूर्वेच्या काचेवर. मी बरणी फिरवली. ते उतरले आणि पुन्हा पूर्वेच्या बाजूनं चढले.

मी ती उचलून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक श्रीरंग गुप्त्यांकडे नेली. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. ते तीस-पस्तिशीचे, बारीक आवाजाचे, प्रत्येक गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी सांगणारे.

"हा मुठा," ते म्हणाले. "मादी आहे. कुठे मिळाली?"

"शाळेच्या भिंतीवर. खारदांडव्याला."

"ती पेपरातली? तिथे 'खेकडे' लिहिलं होतं."

"हे खेकडेच ना?"

"खेकडे म्हणजे काय हो? चिंबोरी पण खेकडा." त्यांनी बरणी उजेडात धरली. "बघा. भिंतीवर विंचू होते, गोमा होत्या?"

"होत्या."

"ते जमिनीवरचे. विंचू हवेतला श्वास पोटाखालच्या फटींतून घेतो, गोम अंगाच्या बाजूच्या भोकांतून. भोकात पाणी गेलं की मेले. म्हणून जमीन भिजली की ते वर जातात, यात काही विशेष नाही. चिंबोरी त्याच्या उलट. तिला कल्ले आहेत, पाण्यातच बरं वाटतं. अंडी सोडायला ती पार समुद्रात जाते. पिल्लं पाण्यात तरंगत वाढतात, कुठल्या कुठे जातात, परत येताना वेगळ्याच खाडीत येतात. मुठा मधला. कल्ले आहेत, पण ते ओल धरून ठेवलेल्या पेटीत. त्यामुळे हवेतही चालतो. पण ओल गोड्या पाण्याची हवी. आणि हा समुद्राकडे कधीच जात नाही. पिल्लं पोटाखाली वाढवतो, अशी पूर्ण झाली की शेतातच सोडतो. याच्या दहा पिढ्या एका बांधावर जातात."

"मग ही मादी..."

"जुलैत पिल्लं पोटाशी असताना मादी बीळ सोडत नाही. मारलं तरी नाही. एक मादी भिंतीवर चढली तर मी म्हणेन चुकली. किती होत्या?"

"सगळी भिंत."

गुप्त्यांनी बरणी खाली ठेवली. "विहिरीचं पाणी कोणी चाखलंय का?"

"मी."

"आणि हे तुम्ही छापलं नाहीत?"

मी बरणी उचलली. ते कोट घालत होते.

दहा पंचवीसला आम्ही कार्यालयात होतो. चौलकर जिल्ह्याच्या गावी बैठकीला गेले होते. गुप्त्यांनी कारकुनाला फोन लावायला लावला. बैठक चालू आहे, निरोप देतो, असं पलीकडून सांगितलं गेलं. गुप्त्यांच्या स्कूटरवरून आम्ही खारदांडव्याला निघालो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "मोठी भरती बारा पन्नासला आहे."

बारा दहाला शाळेसमोर उतरलो. पाड्यावरची सगळी माणसं व्हरांड्यात होती. मडकी, अंथरुणं, दोन शेरडं, एक आजारी म्हातारी खाटेसकट. पोशीबाईंनी सकाळपासून घरोघर फिरून त्यांना वर आणलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि माझ्या मागे पाहिलं. मागे गुप्ते आणि स्कूटर.

"सायब?"

"बैठकीला गेलेत. निरोप दिलाय."

"पेपर वाचला नाय त्यानं?"

"आला होता पेपरात."

"मंग?"

मी म्हणाले, "मी खेकडे लिहिलं."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. त्या रागावल्या नाहीत. "खेकरे," त्या हळू म्हणाल्या, एखादं दुसऱ्या गावाचं नाव उच्चारावं तसं. "खेकरे तं रोज दिसतात."

शाळेच्या कोपऱ्यावरून बांध दिसत होता. एक किलोमीटर असेल. उघाडीवर जोमा उभा होता. मी त्याला जवळून कधीच पाहिलं नाही. दिसत होतं ते एवढंच: पांढरी बंडी, खांद्यावर फावडं, पायाशी पेंढ्याचे भारे. तो वाकत होता, काही दाबत होता, सरळ होत होता. माझ्या वहीत बारा वीसची नोंद आहे: 'जोमा घरत उघाडीवर. हात वर केला.' बोलावत होता की जा म्हणत होता, हे मी लिहिलेलं नाही, कारण मला कळलं नाही.

गुप्ते बांधाकडे निघाले होते. पोशीबाईंनी त्यांचा कोट धरला. "आता नको, सर. खाली बगा."

शेतात लावणी झालेली होती. रोपांच्या मधलं पाणी सगळीकडे बारीक बारीक उकळत होतं. आवाज नव्हता. बुडबुडे जमिनीतून येत होते. पाणी बांधावरून येत नव्हतं, ते खालून वर येत होतं, आणि रोपं जागेवरच बुटकी होत होती.

मग भिंतीचा आवाज झाला. व्हरांड्यातले सगळे वळले. तीन दिवस न हललेले मुठे एकदम वीतभर वर सरकले. सगळे. विंचू आणि वाणी त्यांच्याबरोबर. आणि पुन्हा थांबले.

मी परत बांधाकडे पाहिलं तेव्हा बारा एक्कावन्न झाले होते. उघाडीच्या जागी खाडी होती. मोठा आवाज ऐकल्याचं आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.

पाणी शाळेच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं. चौदाही घरं गेली. माणूस एकच गेला. चार दिवस होड्यांनी शोध घेतला. फावडं सापडलं. जोमा सापडला नाही. भिंतीवरचे मुठे शुक्रवारी सकाळी नव्हते. कुठे गेले ते कोणी पाहिलं नाही. खाली, पाण्यात किंवा पायऱ्यांवर, एकही मेलेला मुठा मिळाला नाही. गुप्त्यांनी दोन तास शोधला.

मी दुरुस्ती पाठवली. "बुधवारच्या अंकातील बातमीत 'खेकडे' ऐवजी 'मुठे' असे वाचावे." डेस्कवरच्या उपसंपादकानं फोनवर विचारलं, "वाचकाला काय फरक पडतो?" दुरुस्ती छापून आली नाही.

सप्टेंबरात चौकशी झाली. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर चौलकर माझ्या शेजारी बसले. उंच, थकलेला माणूस. त्यांच्या खिशात माझी चौकट होती, घडी घातलेली.

"हे मी बुधवारी सकाळी सातला वाचलं," ते म्हणाले. "खाडीकाठच्या गावात खेकडे. मी पान उलटलं. मुठे लिहिलं असतंत, तर आठ वाजता मी पन्नास माणसं घेऊन तिथे असतो."

"जोमानं तुम्हाला सोमवारी तोंडी सांगितलं होतं."

"माझ्याकडे नोंद नाही."

"सांगितलं होतं की नाही?"

"नोंद नाही, बाई." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "पण तुमच्याकडे आहे ना?"

माझ्याकडे होती. मी वही चौकशीत दिली, 'मुठे' खोडून 'खेकडे' केलेल्या पानासकट. सहा महिन्यांनी अहवाल आला. तो इंग्रजीत होता. पोशीबाईंची साक्ष, माझी साक्ष, गुप्त्यांची साक्ष, बातमीचा मजकूर, सगळीकडे एकच शब्द होता, क्रॅब्ज. निष्कर्ष असा की असे प्राणी त्या परिसरात नेहमीच आढळतात, सबब पूर्वसूचना मिळाली होती असे म्हणता येत नाही. जोमा घरत यांच्याबद्दल एक ओळ: घटनेच्या वेळी ते उघाडीवर हजर होते किंवा कसे, हे सिद्ध होत नाही. बेपत्ता.

त्या ओळीसाठी पोशीबाई नंतर किती वर्षं कार्यालयात गेल्या ते मी मोजलेलं नाही. त्यांना दुसरं काही नको होतं. तो उघाडीवर होता, एवढं कागदावर हवं होतं. बारा वीसची नोंद मी तीनदा प्रतिज्ञापत्रावर दिली. एक किलोमीटरवरून माणूस ओळखता येत नाही, असं तिन्ही वेळा उत्तर आलं. खरंच ओळखता येत नाही.

बांधाला पडलेली खांड बुजवायला पैसे आले नाहीत. शेताची खाडी झाली. जिथे विहीर होती तिथे आता खारफुटीची तिवरं आहेत, माणसाच्या दुप्पट उंच. पाडा वर, शाळेच्या मागे गेला. गुप्ते दर पावसाळ्यात तिथे जाऊन बिळं तपासायचे. वरच्या अंगाच्या ओढ्यातही मुठा परत आला नाही.

या वर्षी ११ मार्चला, सकाळी नऊ पाचला, मला गुप्त्यांचा फोन आला. ते बहात्तर वर्षांचे आहेत, मी सदुसष्ट. नव्या बांधाचं काम चालू होतं. जुन्या उघाडीच्या जागी खोदताना यंत्राला लाकडी झडप लागली. झडप उचलल्यावर तिच्याखाली माणसाची हाडं होती. कमरेपाशी चांदीचा करदोटा.

"तुम्ही या," गुप्ते म्हणाले. "हाडांसाठी नाही. हाडं पोलिसांनी नेलीत."

मी संध्याकाळच्या आत पोहोचले. पोशीबाई नव्या पाड्यावरच्या घरात, जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या आसपास. डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी करदोटा हातानं चाचपून ओळखला होता. एक दुवा त्यांनीच तांब्याच्या तारेनं जोडला होता.

"कोन, पेपरवाली?"

"हो, पोशीबाई."

"झरपेखाली होता. उघारी सोरून गेला नवता."

"नाही."

"आता लिव."

"पेपर सोडून मला नऊ वर्षं झाली."

"वही हाय ना? वहीत लिव." मी लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं: 'जोमा घरत उघाडी सोडून गेला नव्हता.' त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मुठे होते ना त्याच्याजवल?"

मी गुप्त्यांकडे पाहिलं. गुप्त्यांनी नकारार्थी मान हलवली, म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. पोलिसांनाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"कोन सांगल? तेंना जायाला दुसरी जागा कंची होती?"

बाहेर आल्यावर गुप्त्यांनी सांगितलं. झडपेखालच्या चिखलात, हाडांच्या मधून, मुठ्यांची कवचं होती. टाकलेली, जुनी, थरावर थर. तांदळाएवढ्या पिल्लांपासून पूर्ण वाढलेल्यांपर्यंत, सगळ्या वयांची. चाळीस वर्षांच्या पिढ्या. चिंबोरीचं एकही कवच नाही. लाकडावर बाहेरून खाडीत वाढतात तशी शिंपल्यांची पांढरी धारदार कवचं बोटभर जाड बसली होती. आतल्या बाजूला एकही नव्हतं.

"खाली गोडा झरा असेल," मी म्हणाले.

"तेच मला हवं होतं. चिखल तीन ठिकाणी तपासला. खाडीइतकाच खारा. मुठा खाऱ्या पाण्यात काही दिवस तग धरतो, हे मान्य. पिल्लं वाढवत नाही. पिढ्या काढत नाही."

"कवचं बाहेरून वाहून आली असतील."

"गव्हाणेबाई, कवचं वाहून येतात." ते थांबले. "त्यात दोन जिवंत होते."

ते दोन मुठे त्यांनी घरी आणून दोन काचेच्या टाक्यांत ठेवले. एका टाकीत ओढ्याचं गोडं पाणी, दुसरीत उघाडीजवळचं खारं. हाडांची तपासणी प्रयोगशाळेत आहे. नमुना जुना आहे, खात्रीनं सांगता येईल असं नाही, असं पोलिसांनी कळवलं. पोशीबाईंच्या अर्जावर कार्यालयानं अहवालाची वाट पाहावी असा शेरा मारला आहे.

गोड्या पाण्यातला मुठा दुसऱ्या दिवशी सकाळी मेला. खाऱ्या पाण्यातली मादी आहे. काल संध्याकाळी सहा वाजता गुप्त्यांचा फोन आला तेव्हा ती जिवंत होती, आणि तिच्या पोटाखालची झडप सुटायला लागली होती.